कायद्याने आणलेली खुर्ची

माझ्या धाकट्या भावाला कायदा कळत नाही, पण कायद्याचा वास लांबून येतो. सकाळी पेपरात कुठे 'कामगार' हा शब्द दिसला, की चहाचा कप हातातच राहतो. "ताई, आता हे काय नवीन?" असं तो ओरडतो. जणू सरकारला दुसरा उद्योग नाही, ते रात्रंदिवस ह्याच्याच लाँड्रीचा विचार करत बसलंय.

लाँड्री आमच्या वडिलांची. ते गेल्यावर धाकटा मालक झाला आणि मी काउंटरवर बसले. मी थोरली, आणि काम मला जास्त येतं, पण ते विचारलं कोणी? हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी टेम्पोने आमच्याकडे येतात, मशीनमध्ये जातात, वाळतात, गरम रोलरमधून निघतात आणि शेवटी घडीच्या टेबलावर येतात. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, चादर ताणायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. टोकाला टोक भिडवायचं, मागे सरायचं, पुढची चादर घ्यायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच, आणि तेही उभ्याने.

उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, असा कायदा मागे आला. धाकट्याने सोय केली. एक खुर्ची आणली. गादीची, हातांची, चांगली ऐसपैस. आणि ती नेऊन ठेवली स्वतःच्या केबिनमध्ये. "सोय हवी असं लिहिलंय. कुठे हवी ते कुठे लिहिलंय?" असं मला वर विचारलं. इन्स्पेक्टर येणार असला की खुर्ची टेबलापाशी यायची, इन्स्पेक्टरची पाठ वळली की पुन्हा ह्याच्या बुडाखाली जायची.

मग विश्रांतीची खोली हवी म्हणून कायदा आला. त्याने साबणपावडरच्या गोदामावर 'विश्रांतिकक्ष' अशी पाटी लावली. तिथे विश्रांती घेणारा माणूस शिंकत बाहेर यायचा. तक्रार समिती हवी म्हणाले, तर समितीत हा, ह्याची बायको आणि ह्याचा मेहुणा. उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय! एकच गोष्ट त्याने मनाविरुद्ध का होईना, खरी केली. ओल्या फरशीवर रबरी चटया टाकल्या. कारण त्या वेळी इन्स्पेक्टर स्वतःच पाय घसरून धाकट्याच्या अंगावर पडला होता, आणि चटया अंथरून होईपर्यंत जागचा हलला नाही.

असं सगळं चाललं होतं, तेवढ्यात बाळंतपणाचा कायदा बदलला. आधी तो मोठमोठ्या कारखान्यांना होता. आता म्हणे लहान जागांनाही लागू. बाईला भरपगारी रजा द्यायची आणि परत येईपर्यंत तिची जागा राखायची. त्या दिवशी धाकट्याचा चहा थंड झाला आणि नंतर सांडला, कारण आमच्याकडे घडीवालीला सातवा महिना होता.

घडीवाली म्हणजे घडीच्या टेबलावरची आमची सगळ्यात चलाख बाई. तिच्या हातची चादर अशी निघते की हॉटेलवाले उलगडायला कचरतात. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक घेऊन जातो, कधी महिन्याने उगवतो, कधी उगवतही नाही. घर हिच्यावर. पहिल्या खेपेला ती दुसरीकडे कामाला होती. बाळंत होऊन परत गेली, तर तिच्या जागी दुसरी उभी होती. तेव्हापासून बाईच्या मनात ती एकच धास्ती. नवा कायदा आल्याचं कळलं तशी ती काउंटरपाशी आली.

"ताई, खरंय ना हे? माझी जागा राहील ना?"

"राहील," मी म्हणाले. "न राहायला काय झालं? कायदाच आहे आता."

मी हे बोलले खरी, पण त्याच दुपारी पळवाट आला.

पळवाट म्हणजे धाकट्याचा कायद्याचा सल्लागार. त्याचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल, आम्ही सगळे त्याला मागे पळवाटच म्हणतो. ओल्या फरशीवरून टाचा उचलून चालतो आणि दुसऱ्याचा चहा आपलाच समजून पितो. मी कप घेऊन केबिनमध्ये गेले तेव्हा त्याचं निरूपण रंगात आलं होतं.

"कायदा लागतो कोणाला? कामगाराला. आता कामगारच नसतील तर?"

"म्हणजे सगळ्यांना काढू?" धाकटा खुर्चीतून पुढे सरकला. आशेने.

"छे, छे! बढती द्या. सगळ्यांना भागीदार करा. भागीदार म्हणजे मालकच. आणि मालकाला कोण रजा देतो? कोण खुर्ची देतो? कोणीच नाही. वाटा द्यायचा, तो हल्लीच्या पगाराइतकाच."

"मालकाला बाळंतपणाचा प्रश्नच येत नाही," धाकटा खुशीत म्हणाला.

"कारण ते नेहमी दुसरंच कोणीतरी निभावतं," मी म्हणाले. दोघांनी ऐकलं नाही.

"फक्त एक करावं लागेल," पळवाट म्हणाला. "नुसती नावं लावली तर इन्स्पेक्टर म्हणेल हा बनाव आहे. म्हणून प्रत्येकाला एक मत. तुमचंही एकच. नियम बदलायचा तर बहुमताने."

"मत?" धाकट्याचा चेहरा पडला.

"अहो, कागदावर हो! मतदान घ्यायला बसलंय कोण इथे?"

मग धाकट्यालाही स्फुरण चढलं. एक कलम त्याने स्वतःच्या डोक्याने काढलं, आणि ते मला दोनदा वाचून दाखवलं. जो भागीदार सलग एक महिना कामावर हजर राहणार नाही, त्याची भागीदारी आपोआप संपेल. "कोणाचं नाव आहे का ह्यात? नाही. आहे का बाळंतपणाचा उल्लेख? नाही. सगळ्यांना सारखं!" पळवाटसुद्धा वाहवा म्हणाला, आणि जाताना माझा चहाही पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मशीन थांबवून सगळ्यांना गोळा केलं. "आजपासून इथे कोणी कामगार नाही," धाकटा हात पसरून म्हणाला, "आणि मी कोणाचा मालक नाही."

"मग तुम्हाला म्हणायचं काय, मालक?" बॉयलरवाल्या काकांनी विचारलं.

"भागीदार म्हणा."

"बरं, मालक."

आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार आहे, हे सगळ्यांना कळत होतं. पण सही केली नाही तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही, हेही कळत होतं. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. नसती केली तर काउंटरवर त्याचा मेहुणा बसला असता, आणि लोकांच्या चादरी कायमच्या परलोकी गेल्या असत्या. सह्यांची शाई वाळायच्या आत धाकट्याने रबरी चटया उचलल्या आणि त्या मेहुण्याच्या गॅरेजमध्ये पाठवून दिल्या. "चटया कामगारांसाठी होत्या," तो म्हणाला. "मालक माणसं आपापलं बघून चालतात."

घडीवालीने ते कलम दोन वेळा मला वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज चढला. मी तशीच केबिनमध्ये शिरले.

"बाळंतीण महिन्याच्या आत कशी उभी राहील रे? लाज आहे का काही?"

"ताई, तू भावनेने बोलतेस. नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखा." तो खुर्चीत मागे रेलला आणि हसला. "मलासुद्धा!"

ते हसणं मी लक्षात ठेवलं. मला चांगली सवय आहे ती.

घडीवालीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कळलं, आम्ही सगळ्यांनी आनंद केला, आणि धाकट्याने केबिनमधल्या कॅलेंडरवर बरोब्बर महिन्यानंतरच्या तारखेला एक गोल काढला. पुढच्याच आठवड्यात रोलर बंद पडला. तो का बंद पडला हे बघायला, म्हणजे कोणावर तरी ओरडायला, धाकटा तरातरा निघाला. जिथे चटई होती, बरोब्बर तिथे साबणाचं पाणी होतं. मालक माणूस आपापलं बघून चालला नाही. मांडीचं हाड मोडलं.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पाठचा भाऊ आहे. स्ट्रेचरवर ओरडत होता तेव्हा मीच त्याचा हात धरून होते. पण ऑपरेशन होऊन शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "रोलर सुरू झाला का?" आणि मी धरलेला हात सोडला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही.

घडीवालीचा महिना भरायला आला, तशी ती आली. एक दिवस हजर राहिलं की सलग महिना मोडतो, हा हिशेब तिनेच घातला होता. सकाळी बाळाला दुपट्यात गुंडाळून आली तेव्हा तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता. बायकांनी धुतलेल्या कपड्यांची ढकलगाडी पुढे ओढली, ड्रायरमधून नुकतेच निघालेले ऊन ऊन टॉवेल तिच्यात पसरले आणि बाळाला त्यावर निजवलं. मी केबिनमधून खुर्ची आणली. तेवढ्यात धाकट्याच्या जागी लक्ष ठेवायला आलेल्या मेहुण्याने चुगली केलीच. फोन स्पीकरवर लावून त्याने टेबलावर ठेवला.

"खुर्ची कशाला?" धाकटा बिछान्यातून गरजला. "हजर म्हणजे कामाला हजर! उभं राहून, दिवसभर! नुसतं तोंड दाखवून जायचं असेल तर उद्या कोणीही येऊन बसेल. ऐकताय ना सगळे?"

सगळे ऐकत होते.

"राहू द्या, ताई," घडीवाली म्हणाली. "माझ्यापायी उगाच तुमच्यात वाद नको." तिने खुर्ची पायाने बाजूला सारली आणि टेबलाशी उभी राहिली. मेहुणा खुर्ची परत केबिनमध्ये घेऊन गेला आणि तिच्यात बसला.

तिच्या समोर मी उभी राहिले. काउंटर गेलं खड्ड्यात. चादरीमागून चादर आम्ही ताणत होतो. बाळ रडलं की तिच्या ब्लाउजवर ओल उमटायची, आणि ती चादर छातीशी धरून मान दुसरीकडे करायची. दुपारनंतर एकदा तिचे गुडघे गेले. पण तिने चादर सोडली नाही. मी माझी टोकं घट्ट धरून मागे रेलले, आणि त्या ताणलेल्या कापडाच्या आधाराने ती हळूहळू पुन्हा उभी राहिली. मला त्या क्षणी माझ्या भावाची इतकी किळस आली, की त्याच्या बिछान्यावरची चादर आपण धुतलीय ह्याचीसुद्धा लाज वाटली.

संध्याकाळी ती गेल्यावर मी सगळ्यांना थांबवून घेतलं. "आपल्याला मतं आहेत," मी म्हणाले. "कागदावर का असेनात."

बॉयलरवाले काका हसले. मग हसायचे थांबले. "आणि मालकांना?"

"एकच."

पुढच्या आठवड्यात मी धाकट्याच्या घरी गेले. तो उशांना टेकून सफरचंद खात होता आणि पळवाट बाजूला बसून ती कापायला मदत करत होता, म्हणजे निम्मी खात होता.

"तुझाही महिना भरत आला," मी म्हणाले. "चार दिवस राहिलेत. हजर झाला नाहीस तर भागीदारी संपली."

"मी मालक आहे!"

"तू कोणाचा मालक नाहीस. हात पसरून सांगितलंस आम्हाला."

धाकटा हसला. मग त्याने पळवाटकडे पाहिलं, आणि पळवाट हसत नव्हता. "सांगा ना हिला! कागदात काहीतरी वाट असेलच."

"तशी वाट नाही ठेवलेली," पळवाट म्हणाला, आणि खरं सांगते, त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "मी कच्चं काम करत नाही."

"मग मोडा ती भागीदारी! करा सगळ्यांना परत कामगार!"

"त्याला बहुमत लागेल," पळवाट म्हणाला, आणि उरलेली फोड तोंडात टाकून उठला.

चौथ्या दिवशी सकाळी धाकटा आला. त्या पायाने तो गाडीत मावेना, म्हणून शेवटी आमच्याच टेम्पोतून आला, दवाखान्याच्या मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर आडवा होऊन. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्याने शिव्या घातल्याचं टेम्पोवाल्याने नंतर रंगवून सांगितलं. दोघांनी उचलून त्याला आत आणला आणि गाठोड्यासकट घडीच्या टेबलाशी ठेवला. घामाने निथळत होता. मेहुणा त्या दिवशी गॅरेजमध्ये फार कामात होता. बुडत्या जहाजाची खबर उंदराला आधी लागते म्हणतात, ते खोटं नाही.

"आलो," धाकटा म्हणाला. "लावा हजेरी."

"उभं राहून," मी म्हणाले.

"ताई!"

"दिवसभर. तुझाच शब्द. सगळ्यांनी कानांनी ऐकलाय."

"अगं, हाड मोडलंय माझं! माणुसकी आहे की नाही तुम्हाला?"

त्या लाँड्रीत इतकी वर्षं काढली, पण हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यासाठी त्याचं हाड मोडावं लागलं.

घडीवालीला मी त्या दिवशी मुद्दाम बोलावलं होतं. ती बाळाला ढकलगाडीत ठेवून पुढे आली. तिने गठ्ठ्यातली एक चादर उचलली, झटकली, स्वतः दोन टोकं धरली आणि दोन त्याच्यापुढे केली.

"धरा, मालक."

त्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं. कोणाच्याच तोंडावर त्याला दया सापडली नाही. मग त्याने टोकं धरली, दुसऱ्या हाताने टेबलाची कड पकडली आणि चांगल्या पायावर उठायला लागला. अर्धा उठला. मान ताठ झाली, ओठ पांढरे पडले, आणि कळवळून तो पुन्हा गाठोड्यावर बसला. चादर त्याच्या हातून सुटून फरशीवर पडली.

"नाही जमत ना?" घडीवाली म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मलाही जमत नव्हतं."

मी पुढे झाले. "आता मत घेऊ. धाकट्याचं कलम रद्द. त्याच्या जागी सरकारी नियम जसाच्या तसा. आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, भरपगारी, जागा राखून. ओल्या फरशीवर चटया. आणि घडीवालीची रजा आजपासून सुरू. आमचे हात तयार आहेत. पण आधी तुझा."

"माझा कशाला? तुमचं बहुमत आहे की!"

"आहे. तेच बहुमत जुनं कलमही ठेवू शकतं. आणि मग तू आज घरी जाशील तो आमचा कोणी नसशील."

ज्या कायद्याच्या नावाने त्याने इतके चहा थंड केले, जो आपल्या दारात येऊ नये म्हणून सगळ्या गावाला मालक करून ठेवलं, त्याच कायद्याच्या पायाशी तो मळक्या चादरींवर बसला होता. आणि तो कायदा नसता तर त्याला बसायलाही जागा नव्हती. हळूहळू त्याचा हात वर गेला. कोपरात वाकलेला, शाळेत उत्तर न येणाऱ्या पोराचा असतो तसा, पण वर गेला.

मग आमचे गेले. घडीवालीचा शेवटी, कारण तिच्या हातात तोवर बाळ आलं होतं.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" धाकटा पुटपुटला. "आता तरी खुर्ची आणा. पाठ मोडली माझी ह्या गाठोड्यावर."

बॉयलरवाले काका केबिनमध्ये गेले आणि खुर्ची घेऊन आले. गादीची, हातांची, ऐसपैस. त्यांनी ती टेबलापाशी ठेवली. धाकट्याने तिच्या हाताला धरण्यासाठी हात लांब केला.

"ती उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आहे," मी म्हणाले. "तूच आणलीस."

घडीवाली बसली. पदर ओढून घेतला आणि बाळाला पाजायला घेतलं. टेम्पो हॉटेलांच्या फेरीला गेला होता आणि यायला अवकाश होता. तोवर माझा भाऊ गाठोड्यावर पडून होता, आणि बाळाचं पोट भरेपर्यंत कोणी खुर्चीला हात लावला नाही.